घाबरायचं कारण नाही

लायनेल पिमसाहेब रोज सकाळी पावणेआठला रेडिओवरून सगळ्या देशाला धीर देत, आणि तो धीर ते दुलईत डोकं खुपसून देत. यात त्यांचा काही दोष नव्हता. रेडिओवाल्यांनी काटकसर म्हणून त्यांची लंडनमधली खोली काढून घेतली होती आणि ‘आता घरूनच बोला’ असं सांगितलं होतं. घरात बोललं की आवाज घुमतो. तो घुमू नये म्हणून या धंद्यातली भलीभली माणसं कपाटात कपड्यांमध्ये शिरून नाहीतर पलंगावर दुलई पांघरून बोलतात. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेब टाय लावून काचेच्या दालनात बसलेत. साहेब असतात पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, गुडघ्यांवर ओणवे, मायक्रोफोन उशीला टेकवून.

त्या शुक्रवारी देशाला धीराची जरा जास्तच गरज होती. आदल्या संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला होता. ईस्टरपासूनचे हे तिसरे. पौंड घसरला होता, घरकर्जाचे हप्ते वाढणार अशी आवई उठली होती आणि लोक सकाळचा टोस्ट हातात धरून रेडिओकडे बघत बसले होते.

खुद्द पिमसाहेबांचीही एक अडचण होती. रेडिओबरोबरचा त्यांचा करार त्याच दिवशी संपत होता. मार्गो व्हिटल नावाच्या संपादिकाबाईंनी त्यांना फोनवर स्पष्टच ऐकवलं होतं, “लायनेल, तू फार संथ बोलतोस. परवा ऐकता ऐकता माझा डोळा लागला, आणि मी गाडी चालवत होते. तुला ठेवायचं की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी सांगते.” पिमसाहेबांनी बावीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. घरातला दिवा गेला तरी शिडीवर त्यांची बायको ग्वेन चढायची. रेडिओ सुटला तर आपण करायचं काय, या विचाराने त्यांची रात्रीची झोप उडाली होती.

म्हणून त्या सकाळी त्यांनी जीव ओतला. निवेदिका फेनेलाबाईंनी लंडनहून विचारलं, “लायनेल, ज्यांनी आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवलीय त्यांनी आज काय करावं?”

“काहीही करू नये, फेनेला,” दुलईतून भारदस्त आवाज आला. “मंत्री येतात, मंत्री जातात. तुमचे पैसे जिथे आहेत तिथे सुरक्षित आहेत. घाबरायचं काहीही कारण—”

नेमक्या त्याच क्षणी ग्वेनबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण कारण वेगळं होतं. त्यांची आई, डोरीन क्रेसवेल, वय एक्याऐंशी, चार गल्ल्या सोडून राहायची. तिने रात्री फोन करून सांगितलं होतं की सोमवारी आपण सगळी शिल्लक म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला देणार. जन्मभर समुद्रकिनाऱ्यावर लोकांची पोरं पाठीवर वाहून थकलेल्या गाढवांसाठी आमच्याकडे असे आश्रम असतात आणि आमच्या म्हाताऱ्यांना त्यांचा नातवंडांपेक्षा जास्त कळवळा असतो. पतपेढीतल्या तिच्या खात्यावर सोय म्हणून जावयाचंही नाव होतं. ग्वेनबाईंनी रात्रभर विचार करून बेत ठरवला होता. त्या खोलीत शिरल्या तर पलंगावर दुलईचा भलामोठा ढीग. त्यांना वाटलं, नवरा अजून लोळतोय.

“लायनेल! अजून लोळतोयस? ऊठ! आज पहिलं काम, पतपेढीत जायचं आणि सगळे पैसे काढून आणायचे. सगळे! सोमवारपर्यंत थांबलास ना, तर तिथे दमडी उरायची नाही. आणि हो, कुणाला बोलू नकोस!”

ढीग थिजला. मग दुलईच्या कडेतून एक हात बाहेर आला आणि मायक्रोफोनच्या लाल दिव्याकडे बोट दाखवू लागला. ग्वेनबाईंनी तोंडावर हात ठेवला. पण तोवर हे सगळं साऱ्या देशाने ऐकलं होतं.

रेडिओवर शांतता पसरली. रेडिओवर शांतता म्हणजे काय ते रेडिओवाल्यांना विचारा. शेवटी फेनेलाबाई म्हणाल्या, “धन्यवाद, लायनेल. आणि… तुमच्याकडच्या सर्वांनाच धन्यवाद.”

दुसऱ्या कुठल्या देशातला माणूस असता तर म्हणाला असता, ‘अहो, ही माझी बायको, विषय सासूचा आहे, पतपेढी ठणठणीत आहे.’ पाच सेकंदांचं काम होतं. पण चारचौघांत बायको, सासू आणि पैसा या तिन्हींबद्दल एकदम बोलायचं म्हणजे आमच्याकडचा सभ्य माणूस त्यापेक्षा जीव देईल. पिमसाहेब खाकरले आणि म्हणाले, “तुमचेही आभार, फेनेला.” मग हवामान सुरू झालं.

आता आपण एल्डरवेलमध्ये राहतो हे पिमसाहेब दर आठवड्याला रेडिओवर कौतुकाने सांगत असत. एल्डरवेल हे डर्बीशरमधलं डोंगराच्या कुशीतलं गाव, आणि गावात पतपेढी एकच.

पतपेढीच्या दाराशी बसचा थांबा आहे. तिथे तिघीजणी बाजाराला जायला उभ्या होत्या. परसी लम नावाचा खाटीक दुकान तसंच टाकून, रक्ताळलेल्या एप्रनवर धावत आला, त्याने पतपेढीसमोर तीन माणसं बघितली आणि निमूटपणे त्यांच्यामागे उभा राहिला. आमच्याकडे रांग दिसली की आधी उभं राहायचं असतं. कशाची रांग ते मग विचारायचं, आणि विचारणं बरं दिसत नसेल तर विचारायचंच नाही. परसीमागे निवृत्त पाद्रीबुवा उभे राहिले, त्यांच्यामागे केस कापणारी बाई, तिच्यामागे अर्धवट कापलेल्या केसांचं तिचं गिऱ्हाईक. बस आली, तिघीजणी चढून गेल्या आणि परसीला एकदम कळलं की आपण पहिले आहोत.

“मी पहिला?” तो दचकून म्हणाला. “मला पुढारीपण नको हां. पाद्रीबुवा, तुम्ही या पुढे.”

“छे छे,” पाद्रीबुवा म्हणाले. “माझा देवावर विश्वास आहे. मी दुसराच बरा.”

नऊला पतपेढी उघडली तेव्हा रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, थर्मासमधून चहा ओतला जात होता, आणि पत्नीच्या सांगण्यावरून पिमसाहेबही नेमके तेव्हाच गाडीतून उतरत होते. ग्वेनबाईंचं म्हणणं असं, की व्हायची ती शोभा झालीच आहे, निदान पैसे तरी आण.

पिमसाहेबांना बघून रांगेतून एक कण्हल्यासारखा आवाज निघाला. काहीजणांनी बाजूला होऊन वाट दिली. पण रांग मोडून पुढे जाणं पिमसाहेबांच्या रक्तात नव्हतं. ते मान खाली घालून रांगेच्या टोकाला गेले आणि उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण सभ्यपणा केला. पण रांगेत कुजबुज सुरू झाली की रेडिओवरचा तज्ज्ञ स्वतः पैसे काढायला आलाय. ज्यांना आतापर्यंत जरा लाज वाटत होती तेही रस्ता ओलांडून इकडे आले.

“काय पिमसाहेब, तुम्हीसुद्धा?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“माझं काम जरा वेगळं आहे हो.”

“म्हणजे पैसे काढायचे नाहीत?”

पिमसाहेबांना खोटं बोलता येत नसे. “काढायचे आहेत. पण—”

“बघा! हो म्हणाले!” ही बातमी रांगेतून पुढे सरकत परसी खाटकापर्यंत गेली.

“अहो, पण त्याचं कारण गाढवं आहेत!” पिमसाहेब कळवळून म्हणाले.

“ते आम्हालाही कळतंय,” मागून कुणीतरी म्हणालं. “फक्त ती लंडनची की इथली, तेवढं सांगा.”

“शिवाय तुमच्या ठेवींना सरकारची हमी आहे!”

“कुठल्या सरकारची? सकाळच्या की दुपारच्या?”

पतपेढीच्या व्यवस्थापिका हिल्डा टफनेलबाई तीस वर्षं याच शाखेत होत्या. त्या बिस्किटांची थाळी घेऊन बाहेर आल्या. “हे बघा, सगळ्यांना पैसे मिळतील. अजिबात गडबड करू नका. आतले संपले तर डर्बीहून मागवू.”

“संपले तर!” केस अर्धवट कापलेली बाई किंचाळली.

परसी आणि पाद्रीबुवा ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उंबऱ्याशीच अडून राहिले, तोवर साडेबारा वाजले आणि टफनेलबाईंनी नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं. रोज साडेबारा ते दीड त्या जेवायला घरी जात, मांजरालाही जेवू घालत, आणि देशात काय चाललंय याच्याशी मांजराचा काही संबंध नव्हता. पण तीस वर्षं ज्या पाटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तीच ‘बंद’ची पाटी आज शंभर माणसांनी एकदम वाचली. पाद्रीबुवा मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले. परसी खाटकाने बाहेरून दाराची मूठ धरून ठेवली, जणू पतपेढी पळून जाणार होती.

आता यात पुढारी पडले. आमचे खासदार छायाचित्रकाराला घेऊन आले, रांगेबरोबर उभे राहिले, आणि फोटो निघाल्यावर मावशीकडे जायचंय म्हणून निघून गेले. मग दुपारच्या बातम्यांत एक नवेकोरे राज्यमंत्री बोलले. रांगेत जागोजागी रेडिओ चालू होते. मंत्री म्हणाले, “एल्डरवेलच्या पतपेढीवर सरकारचा संपूर्ण विश्वास आहे.”

हे ऐकल्यावर मात्र रांगेचा धीर सुटला. कारण आदल्या दिवशी चार वाजता अर्थमंत्र्यांवरही सरकारचा संपूर्ण विश्वास होता, आणि सहाला ते घरी न्यायच्या सामानाची खोकी भरत होते. बघता बघता रांग चर्चला वळसा घालून पलीकडच्या शेतात गेली.

पिमसाहेबांच्या खिशातला फोन वाजला. मार्गोबाई होत्या.

“लायनेल, हे तू काय करून ठेवलंस? पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारतायत!”

“मार्गो, मी समजावून सांगू शकतो. माझ्या सासूबाईंची गाढवं—”

“मला गाढवं नकोत! एक वाजता तुला थेट रेडिओवर घेतेय, तिथूनच. आग तू लावलीस, तूच विझव. ती पतपेढी आज बुडाली तर सोमवारपासून घरी बस. म्हणजे घरीच बसतोस तू, पण पगाराशिवाय बस.”

एक वाजता पिमसाहेब रांगेच्या कडेला, बिनदुलईचे, फोन कानाला लावून उभे राहिले. सगळ्या रांगेतले रेडिओ त्यांच्याकडे तोंड करून होते. त्यांचा प्रत्येक शब्द एकदा तोंडातून आणि मग क्षणभराने वीस ठिकाणांहून येत होता.

“लायनेल,” फेनेलाबाईंनी गोड आवाजात विचारलं, “ही पतपेढी सुरक्षित आहे, असं तुम्हाला मनापासून वाटतं?”

“मनापासून.”

“तुमचे स्वतःचे पैसे तिथे आहेत का?”

पिमसाहेबांनी पतपेढीच्या दाराकडे पाहिलं. “नाहीत.”

रांगेतल्या लोकांनी रेडिओचे आवाज वाढवले.

“मग कुठे आहेत?”

“फारसे नाहीतच, फेनेला. बावीस वर्षं मी लोकांना बचत करा म्हणून सांगतोय. त्या नादात आमची राहून गेली.”

“पण आता, या क्षणी, तुम्ही तिथे पैसे ठेवाल?”

पिमसाहेबांनी पाकीट उघडलं. आत दहा पौंडांची एक नोट होती आणि दहावी कॉफी फुकट मिळण्याचं कार्ड, ज्यावर सात शिक्के होते. त्यांनी ती नोट वर धरली. “ठेवतो!” ते निश्चयाने म्हणाले. “आत्ता ठेवतो!”

“किती?” फेनेलाबाईंनी विचारलं.

“दहा हो!” नोटेची बातमी पुढे पोचताच परसी खाटीक रांगेच्या तोंडाशी ओरडला. “हा माणूस दहा पौंडांत पतपेढी वाचवायला निघालाय!”

पिमसाहेबांचा हात खाली आला. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. टफनेलबाईंची नोकरी, या सगळ्यांच्या ठेवी, आपली बावीस वर्षं, सगळं आपण एका खाकरण्यात घालवलं याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, आणि ते रेडिओवरून सांगता येत नव्हतं.

इतक्यात रस्त्याच्या चढावरून चाकांची करकर ऐकू आली. डोरीनबाई येत होत्या. डोक्याला स्कार्फ, पायांत भक्कम बूट, आणि मागे चौकड्यांच्या कापडाची, चाकांची बाजाराची पिशवी. गावात डोरीनबाईंना सगळे ओळखून होते. चर्चच्या जत्रेत केकच्या तुकड्याला वीस पेन्स जास्त लावले म्हणून त्यांनी बिशपना पत्र लिहिलं होतं.

त्या रांगेच्या बाजूने सरळ पुढे निघाल्या. रांगेत एक नापसंतीची कुरकुर उठली. पतपेढी बुडत असली म्हणून काय झालं, मधे घुसणं ते घुसणंच.

“डोरीन, रांग मागून आहे हो,” पाद्रीबुवा हळूच म्हणाले.

“ती पैसे काढायची रांग आहे,” डोरीनबाई म्हणाल्या. “भरायची रांग कुठाय?”

लोक मागेपुढे बघून ती रांग शोधू लागले. परसी खाटकाने दाराची मूठ सोडली. डोरीनबाईंनी छत्रीच्या दांड्याने दार ठोठावलं. एव्हाना मांजराला जेवू घालून मागच्या दाराने परतलेल्या टफनेलबाईंनी आतून आवाज दिला, “दीड वाजता या!”

“हिल्डा, मी न्यायला नाही, द्यायला आलेय.”

तीस वर्षांत पहिल्यांदाच ते दार दीडच्या आधी उघडलं. डोरीनबाईंनी उंबऱ्यातच पिशवीचं झाकण काढलं. वरच्या कोबीचा गड्डा त्यांनी पाद्रीबुवांच्या हातात दिला. खाली पावाच्या कागदात बांधलेली नोटांची पुडकी होती, आणि ती संपता संपत नव्हती. पिमसाहेब फोन पुढे धरून धावले.

“फेनेला, इथे एक ग्राहक पैसे भरतायत! बऱ्यापैकी भरतायत! डोरीनबाई, तुम्ही… म्हणजे, आपण… आपला या पतपेढीवर विश्वास का आहे?”

“असा परक्यासारखा काय विचारतोस रे? मी तुझी सासू ना?” डोरीनबाई सगळ्या देशाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “सकाळी रेडिओवर ग्वेनचा आवाज ऐकला. पोरगी गुणी आहे माझी, पण पैशाच्या बाबतीत तिचं एक म्हणणं आजवर खरं ठरलेलं नाही. शहामृगाच्या अंड्यांच्या धंद्यात पैसे घातले होते तिने, आठवतंय ना? ती म्हणाली, आजच काढा. म्हटलं, मग नक्कीच ठेवायला हरकत नाही. आणि सोमवारी हे सगळे गाढवांना जाणार आहेत, हेही सांगून टाक तुझ्या त्या रेडिओला, म्हणजे घरात पुन्हा तो विषय नको.”

रांगेत कुणीतरी हसलं. मग हसू पसरत शेतापर्यंत गेलं. शहामृगाची अंडी गावाच्या चांगली लक्षात होती.

पहिला परसी हलला. “मी आपलं पासबुक भरून घ्यायला आलो होतो,” तो कुणाकडेही न बघता म्हणाला आणि दुकानाकडे निघाला. मग कळलं की सगळेच पासबुक भरून घ्यायला आले होते. कुणी पैशांसाठी नव्हे, तर ऊन छान पडलंय म्हणून उभं होतं. पाद्रीबुवा कोबी परत करायला डोरीनबाईंमागे फिरत राहिले. दीड वाजता टफनेलबाईंनी नियमाप्रमाणे दार उघडलं तेव्हा बाहेर फक्त पिमसाहेब उभे होते. त्यांनी दहा पौंडांचं खातं उघडलं.

संध्याकाळी पिमसाहेबांच्या स्वयंपाकघरात तिघं चहा पीत बसली होती. ग्वेनबाई आईवर रुसल्या होत्या, पण तो रुसवा टिकत नव्हता, कारण दुपारभर गावातली माणसं दारात येऊन गाढवांबद्दल त्यांचे हात हातात घेऊन आभार मानत होती. पिमसाहेबांचं मात्र फोनकडे लक्ष होतं. सहाला तो वाजला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

“लायनेल,” मार्गोबाई म्हणाल्या, “पतपेढी वाचली, ते ठीक. पण दुपारपासून लोक फोनवर फोन करतायत, आणि कुणीही तुझं नाव घेत नाहीये. त्या म्हातारीला दे.”

पिमसाहेबांना काय ते कळलं. त्यांनी मुकाट्याने फोन सासूबाईंना दिला. डोरीनबाईंनी तो कानापासून जरा लांब धरला, त्यामुळे पलीकडचं सगळं सर्वांनाच ऐकू येत होतं. सकाळी पावणेआठची जागा डोरीनबाईंनी घ्यावी, असं मार्गोबाईंचं म्हणणं होतं. पैसेही चांगले देणार होत्या. ग्वेनबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“नको गं बाई,” डोरीनबाई म्हणाल्या. “आणि त्यालाही काढू नकोस. मी बावीस वर्षं त्याला रोज ऐकतेय. मंगळवारी तो म्हणाला, ठेवीदारांनी घाबरायचं कारण नाही. मी चहा अर्धा टाकून उठले आणि सगळे पैसे काढून आणले. मागे म्हणाला होता, घर तापवायचा गॅस महागणार नाही. मी त्याच आठवड्यात खिडक्यांना थंडी अडवणाऱ्या दुहेरी काचा लावून घेतल्या. तो म्हणाला सोनं घेऊ नका, मी घेतलं. त्याच्या नेमकं उलट वागत आले म्हणून तर गाढवांना द्यायला चार पैसे उरलेत. आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबात सगळे असंच करतात. तो म्हणतो घाबरू नका, तेव्हाच आम्हाला कळतं की आता घाबरायला हवं. त्याला काढलंस तर आम्ही भरवसा ठेवायचा कुणावर?”

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग मार्गोबाईंनी क्लबात एकूण किती माणसं आहेत ते विचारलं, आणि असे क्लब आणखी कुठे कुठे आहेत तेही विचारलं. पिमसाहेबांचा करार त्यांनी फोनवरच तीन वर्षांनी वाढवला. त्या म्हणाल्या, एवढे पक्के श्रोते रेडिओवर दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.